बर्फाच्या कारखान्यामागे

गुट्टे सर निवृत्त झाले त्या दिवशी
कपाटातल्या नळ्या फेकून द्यायच्या होत्या.
केळीच्या रोपांमागे, शेवटच्या रांगेत
एक नळी, चिठ्ठी पुसट झालेली :
ॲस्पेन. पुढे कुठल्यातरी डोंगराचं नाव.
सर म्हणाले, हे परभणीत जगत नसतं, प्रयागबाई.
मी नळी पदराखाली घेतली.
बावीस वर्षं बाटल्या धुतल्या मी तिथं,
जगलेल्यांच्या आणि न जगलेल्यांच्या,
ब्रश एकच होता.

नळीतून कुंडीत. वर काचेची बरणी, पंधरा दिवस.
मग बरणी रोज जराशी तिरकी करायची,
दवाखान्यातून आणलेल्या माणसाला
आधी उंबऱ्यापर्यंतच चालवतात, तसं.
काळी माती नको, ती पाणी धरून बसते.
दुधनेची वाळू, पालापाचोळ्याचं खत, मूठभर विटकर.
दुपारभर गोणपाट.

पहिलं पान उघडलं आणि हललं.
वारा नव्हता. गच्चीवरचे पापड जागचे हलत नव्हते.
मी देठ चिमटीत धरून पाहिला :
गोल नव्हे, चपटा, पानाला आडवा.
शेजारच्या द्वारकाकाकू म्हणाल्या, हे पिंपळाचंच पोर,
अंगात येतंय त्याच्या. कुंकू लावू का?
म्हटलं, कुंडीला लावा, पानाला नको.

दिवाळी सरली तरी पान झडेना.
ह्याला थंडी लागते,
स्वेटर घालायची नव्हे, झोप यावी अशी.
तशी थंडी आमच्याकडे एकाच ठिकाणी मिळते :
जिंतूर रोडला, वहीदभाईंच्या कारखान्यात, लादीच्या भावानं.
ते म्हणाले, आत नको, अमोनिया आहे.
मागे मोरीपाशी ठेवा.
डब्यातून लादी सुटायला ज्या पाण्यात बुडवतो
ते तिथून वाहतं. गोडं असतं, गारेगार.
मिठाचं इकडे येत नाही.
भाडं विचारलं तर हसले.

दोन महिने, दर रविवारी सायकलवर.
पानं गेली. काडी राहिली.
त्यांचा रिझवान विचारायचा, मेलं?
मी नखानं साल खरवडून दाखवायची. आत हिरवं.
झोपलंय, म्हणायची.

महाशिवरात्रीला कुंडी आणायला गेले, तर उचलेना.
भोकातून मूळ खाली ओलीत उतरलं होतं,
सुतळीएवढं.
मी हिसका दिला.
आवाज झाला, फार नाही,
शिवताना दोरा तुटतो तेवढा.

घरी सात पानं फुटली.
वैशाखात एकेक, कडेकडेनं, आत करपत गेलं.
चार वेळा पाणी, ओलं गोणपाट,
कूलर माझ्याकडून काढून त्याच्याकडे वळवला.
तेवीस मेला नखानं साल खरवडली.
तपकिरी.
जरा खाली. तपकिरी.
मातीपर्यंत खरवडत गेले.
नंतर त्या कुंडीत पुदिना लावला. पुदिना काय,
कुठेही येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वहीदभाईंचा फोन.
बाई, तुमचं काहीतरी आमच्याकडं राहिलंय.

मोरीच्या कडेला, कुंडी होती तिथून हातभर दूर, एक.
भिंतीच्या फटीत दुसरं, वाकडं.
शेळ्यांच्या भीतीनं रिझवाननं
फुटक्या डब्याचे पत्रे भोवती उभे केलेले
आणि पत्र्यावर खडूनं :
हात लावू नये. जागं आहे.

आत मशीन सुरू होतं.
भिंत थरथरत होती, मोरीतलं पाणी थरथरत होतं,
माझ्या चपलेखालची फरशी.
पानंही हलत होती.
म्हटलं, वहीदभाई, मशीन बंद करता का, एक मिनिट?
बघायचंय, हे आपलं आपण हलतंय का.
ते म्हणाले, लादी अर्धी झालीय बाई,
आता बंद करता येत नाही. चारला या.

मी कुठं जाणार होते.
चारपर्यंत तिथंच बसले, पाय मोरीत सोडून.