आठव्या ओळीतलं ‘बट’

नाकाडे सरांनी पेपर परत दिला.
वीसपैकी साडेसात,
आणि समासात लाल शाईनं एकच प्रश्न:
हे कोण बोलतंय?

मी बोलत होते, सर.
म्हणजे वडसा स्टँडवर ऐंशी रुपयांना घेतलेलं गाईड,
म्हणजे गाईडच्या पाठीवर टाय लावून बसलेला फोटो.
दि पोएट हॅज ब्युटिफुली एक्स्प्रेस्ड.
ब्युटिफुली मी चार ठिकाणी लिहिलं होतं
आणि एकदाही मला काही सुंदर वाटलं नव्हतं.

आमच्या घरी हा प्रश्न जुना आहे.
दिवाळी झाली की मंडई भरते, रात्रभर नाटक,
आणि स्टेजपुढच्या खड्ड्यात
बॅटरी धरून बसलेला माझा बाप. प्रॉम्प्टर.
राजाचं वाक्य राजाच्या आधी त्याच्या ओठांत,
विधवेचा हंबरडाही.
पंचवीस वर्षं साऱ्या पंचक्रोशीनं त्याचे शब्द ऐकले,
आवाज कुणालाच माहीत नाही.

सोमवारी सरांनी झेरॉक्स वाटली.
चौदा ओळी. कवीचं नाव नाही, साल नाही.
गाईड थैलीत टाका, म्हणाले, काय दिसतं?
प्रेम, सर.
प्रेम गाईडात असतं. कागदावर काय दिसतं?
कॉलेजमागची राईस मिल तेवढी बोलत राहिली.
मग हर्षाली कुमरे म्हणाली, भीत भीत,
आठव्या ओळीत बट आहे.

सात ओळी त्या बाईची तारीफ.
आठव्यात बट.

आणि मला आमची सपरी दिसली.
पोह्यांच्या बशा, ब्रह्मपुरीकडचे पाहुणे.
पोरगी बेस हाये.
शिकून राह्यली, तेही बेस हाये.
पन.
पुढे कुणी काही बोललंच नाही,
बशी खाली ठेवल्याचा आवाज आला फक्त.
त्या ‘पन’वर माय रात्रभर जागी होती:
रंगावर असन का, का शिक्षणावर,
का आपलं घर टोलीच्या त्या टोकाले हाये म्हून?
एका शब्दाचे तीन अर्थ, तिन्हींना पुरावे.
मायला सही करता येते तेवढीच.

त्या रात्री मी पहिलं वाक्य लिहिलं:
आय डू नॉट ट्रस्ट धिस मॅन.
खोडलं.
धिस मॅन म्हणजे कवी, की कवितेत बोलणारा?
सर सांगतात, दोघं वेगळे धरा.
बाप हसला. त्याच्यात शिकवाचं काय हाये?
राजा झालेला तुळशीराम
सकाळी शेण काढतेच ना.
मी लिहिलं, द स्पीकर.
मग बिकॉज.
आणि बिकॉजपुढे तासभर काहीच नाही,
कारण बिकॉजनंतर आता ओळीचा नंबर लागतो.

वाचून दाखव, बाप म्हणाला.
इंग्रजी हाये, बाबा.
असू दे. मी कोनतं समजून वाचतो सारं?

वाचलं. डोळे मिटून ऐकलं त्यानं,
ओठ माझ्या अर्ध्या शब्दामागून हलत होते,
पहिल्यांदाच मागून.
मग म्हणाला,
मले समजलं नाही काही.
पन त्या बटच्या मांगं तू थांबली.
ते थांबनं त्यानं लिहून देल्लं
का तुवा घेतलं?

कागद दिव्याजवळ नेला.
स्वल्पविराम नव्हता. रेघ नव्हती.
बट, आणि लगेच पुढचा शब्द, खेटून.
मीच थांबले होते.

ते लिहिलं. मोडक्या इंग्रजीत, दीड पान.
मी इथे का थांबले,
आणि बोलणारा मात्र का थांबत नाही,
त्याला कसली घाई आहे.
ब्युटिफुली एकदाही नाही.

वीसपैकी अकरा.
समासात यावेळी प्रश्न नव्हता.
एका शब्दाभोवती लाल गोल होता फक्त,
श्वासाचं स्पेलिंग चुकलं होतं.