रिकामा अर्धा तास

थोरल्या दवाखान्यात सीटीच्या खोलीला दोन दारं.
एक कायम बंद. त्याच्यामागं मोडक्या खुर्च्या,
जुन्या फिल्मांची खोकी
आणि कुणाची तरी छत्री.
घोरपडे मॅडमनी ते उघडायला लावलं.
किल्ली सापडेना. दिनकर सुतारानं कुलूपच कापलं.
"इकडनं खोकणारे येतील, तिकडनं अपघातवाले.
मधे कुणी कुणाला भेटायचं नाही.
तुम्हीसुद्धा."

त्या रात्री गुडघ्यांवर रांगत
मी फरशीवर लाल पट्टी चिकटवली,
सुतळी ताणून, गवंडी ताणतो तशी.
तरी जिन्यापाशी वाकडी गेली.

नेम एकच होता:
ज्याचा हात पेशंटला, त्याचा हात बटणाला नाही.
इर्शाद मुजावर आत, किटमध्ये वाफाळत,
मी काचेमागं.
त्याचा अंगठा वर म्हणजे झोपवलंय.
मूठ म्हणजे थांब.
छातीवर दोन बोटं म्हणजे
ह्यांच्या गळ्यात अजून सोनं आहे.
मंगळसूत्रं आम्ही पाकिटात घालायचो, वर नंबर,
नाव नाही,
आणि पाकीट त्यांच्याच मुठीत द्यायचो.
काही जणी ते कपाळाला लावायच्या,
मग हाताला औषध चोळायच्या.

प्रत्येकानंतर पुसायचं. टेबल, उशी, पट्टा, दाराची कडी.
मग दार लावायचं आणि अर्धा तास
खोलीत कुणीच नाही.
घरातलं घड्याळ मी आणून टांगलं होतं,
आंब्याच्या आकाराचं. मॅडम हसल्या, पण राहू दिलं.
बाहेर रांग, गेटापर्यंत.
"खोली मोकळी हाय की ओ! कुणासाठी ठेवलीया?"
हवेसाठी, मी म्हणायची.
हे उत्तर कुणालाच पटलं नाही.
पहिल्या आठवड्यात मलाही नाही.

भूपाल शेंडगे हुपरीहून आले तेव्हा
अर्ध्या तासातली दहा मिनिटं झाली होती.
पोरगा काचेवर तळवा ठेवून उभा.
बोलला असता तर बरं झालं असतं.
मी घड्याळाकडं बघितलं. आंब्याकडं.
वीस मिनिटं
त्या माणसाचे खांदे वर जात राहिले, खाली येत राहिले,
सिलिंडरचा काटा आणि तो, दोघंच काम करत होते.

मग आत. माइकवर माझा आवाज:
श्वास घ्या. धरून ठेवा.
चाळीस वर्षं चांदी जोडली होती त्यांनी,
फुंकणीतनं ज्योत वाकवून, पैंजणाच्या एकेका कडीवर.
श्वास म्हणजे त्यांचं हत्यार.
चार आकड्यांत सुटला.
पुन्हा. पाच.
इर्शादनं आतनं मूठ दाखवली नाही,
नुसता त्यांच्या पायावर हात ठेवला.
तिसऱ्यांदा मीही धरला.
सोडा, म्हणायचं विसरलेच.
त्यांनी आपणच सोडला.

पडद्यावर दोन्ही बाजूला दुधी काच,
थंडीत आंघोळीनंतर आरशावर चढते तशी.
पुढं वॉर्डात काय झालं ठाऊक नाही.
आमच्याकडं माणसं सावलीपुरती येतात.
रजिस्टरात नाव शोधता आलं असतं.
शोधलं नाही.

अकरा जणांत आमचे दोघंच पडले, दोघंही उठले.
ही त्या वीस मिनिटांची कमाई की नुसतं नशीब,
मॅडमना एकदा विचारलं.
त्या हातमोजा उलटा काढत होत्या, शिकवल्याप्रमाणं,
बाहेरची बाजू आत.
म्हणाल्या, "चहा घेतलास का?"

पट्टी कधीच खरवडली. गोंद राहिला,
त्याला धूळ धरली, आता रेघ काळी आहे,
जिन्यापाशी वाकडी.
नवी पोरगी पुसायला लावते मावशींना, निघत नाही.
आंब्यातला सेल संपलाय.
दुसऱ्या दारामागं खुर्च्या परत साचल्यात.
छत्री मात्र कुणीतरी नेली.