मानस राखताना

सर म्हणाले, शब्दकोशात मानस म्हणजे मन.
आमच्या चोडणात मानस म्हणजे दार:
खाजनाच्या बांधातलं, जुन्या लाकडाचं,
भरतीला आपोआप मिटणारं,
ओहोटीला आपोआप उघडणारं.
आपोआप म्हणतात खरं,
पण फळीत एक काटकी अडकली
की रात्रीत खारं पाणी कोरगुटाच्या मुळाशी.

म्हणून बांधाला पाळी असते.
आज सांतान पोदेराचं घर, उद्या आमोणकरांचं,
परवा माझं. मी फेरीबोटीवर दोर टाकतो,
पण पाळीच्या रात्री चिखलात.
कुर्लीनं पाडलेलं भोक बोटाएवढं असतं
तेव्हाच मुठीनं बुजवायचं.
बुजवलेल्या भोकाची गोष्ट कुणी सांगत नाही.
फुटलेल्या बांधाची तीन पिढ्या सांगतात.

तीन वर्षांपूर्वी धक्क्यावर
एक निळी सायकल पाच दिवस उभी होती,
कुलूप न लावलेली.
सकाळच्या बोटीत मीच त्याला पाहिलं होतं.
रोज कठड्यापाशी वाऱ्याला उभा राहणारा पोर
त्या दिवशी इंजिनाच्या बाजूला, आवाजात बसला होता.
मला वाटलं, पेपर कठीण गेला असेल.
याहून जास्त सांगवत नाही.

बौसाच्या सभेत पंपाच्या बिलावर भांडण चाललेलं,
तेव्हा शांती टेलर उठली:
"बांधाला पाळी लावता. पोरांना कुणाची पाळी?"
पंखा फिरत राहिला.
खजिनदारानं वहीचं पान उलटलं,
ते कोरं निघालं.

मग आरोग्य केंद्रातली नर्स आली, चार शनिवार.
समोर बसू नका, म्हणाली, शेजारी बसा.
उपदेश ओठांवर आला तर पाणी प्या.
पहिल्याच दिवशी आम्ही माठ संपवला.
'झोप लागते का रे?' हे विचारायला लाजू नका.
आणि जे तुमच्यानं पेलणार नाही
ते माझ्याकडे आणा, रात्र असो, पहाट असो.

सगळं काही जमलं नाही.
फुटबॉलची स्पर्धा मारामारीत संपली.
वाचनालयातल्या पेटीत सहा चिठ्ठ्या निघाल्या:
चार वायफायच्या, एक सरांच्या स्कूटरविषयी,
आणि एक, गणिताच्या वहीतल्या चौकटीच्या कागदावर.
'मला झोप लागत नाही. नाव लिहीत नाही.'

अक्षर ओळखायला सर पुढे वाकले.
शांतीनं चिठ्ठीची घडी करून मुठीत घेतली.
"लिहीत नाही म्हटलंय ना."

त्या रात्रीपासून वाचनालयाचा सोपा उघडा.
अकरापर्यंत, मग बारा.
शांतीनं मशीन आणलं, गणवेश शिवायचे होतेच.
मी फाटलं जाळं घेऊन बसलो.
सांताननं उरलेले उंडे ठेवले.
तीन रात्री फक्त कुत्रा आला.

चौथ्या रात्री तिघं:
आमोणकरांची दीक्षिता, आग्नेलचा धाकटा जॉयसन,
आणि महिनाभर तोंड न उघडलेला साईश.
दीक्षिता बटणं निवडत बसली. जॉयसन फोनात.
साईशनं जाळ्याचं दुसरं टोक धरलं.
तिघांपैकी कोण,
की चौथंच कुणी अजून अंधारात उभं,
आम्ही विचारलं नाही.
विचारलं एवढंच, "जेवल्यात मू?"

बाराला साईश म्हणाला, "भरती कधी?"
एक वीसला. पाळी माझीच आहे, टॉर्च धरतोस?

फळी मिटताना मानशीतून एक आवाज येतो,
कुणी घसा साफ करावा तसा.
तो ऐकत राहिला. मी पाण्याची बाटली काढली
आणि निम्मी प्यालो.
परतताना एक भोक सापडलं.
मूठ त्यानं लावली.

सोमवारी पेटीत पुन्हा तोच चौकटीचा कागद:
'दिवा पिवळा लावा. पांढरा डोळ्यांत जातो.'

सांतान पहिल्या बोटीनं बल्ब आणायला गेला.
मी दोर सोडला.