बीटचा बगळा

सकाळी सहाला निघालो तेव्हा वारा अजून अंथरुणात होता.
आठ गावं, नव्वद किलोमीटर, गळ्यात दोरीला पिवळं कार्ड,
गावागणिक एक शिक्का,
आठ भरले की संध्याकाळी पितळेचा बिल्ला.
मी वर्षभर टपाल वाटते, शिक्के मला नवे नाहीत,
तरी दर मे महिन्यात या तुकड्यासाठी
गुडघ्यांशी तह करते.

फ्रीसलंडमध्ये चढ नाही म्हणणाऱ्यांनी
समुद्राकडच्या वाऱ्यात एकदा सायकल घालावी.
आमचा चढ आडवा असतो.
साडेआठला तो उठला. बांधावर आम्ही सगळे
घडीच्या सुऱ्यांसारखे मिटलो,
येल्मरच्या पाठीआड मी, माझ्या पाठीआड चिके,
तिच्या पाठीआड कुणी अनोळखी, ज्याचा फक्त श्वास ऐकू यायचा.
डोक्यावर टिटव्या कोकलत होत्या.
त्यांची अंडी गवतात, आणि आमची हजारभर चाकं.

तिसऱ्या गावानंतर पूल उघडला.
एका शिडाच्या होडीसाठी तीनशे सायकली थांबल्या.
पूलवाल्या डाउवेनं गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
खाली सोडला, होडीवाल्यानं त्यात नाणी टाकली,
सगळेच वाकून बघत होते. मी जरा जास्त वाकले.
कार्ड सुटलं.
पाण्यावर पडलं उताणं, तीन शिक्के आभाळाला दाखवत,
मग एका बदकानं चोच मारली आणि प्रकरण बुडालं.

"आता?" चिके म्हणाली.
आता काय. वीस वर्षं दुसऱ्यांचे कागद पोचवले,
स्वतःचा एक सांभाळता आला नाही.

चौथ्या गावी मी डावा हात पुढे केला.
टेबलामागच्या म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवला,
माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं,
नियमांचा कागद पालथा घातला
आणि मनगटावर ठाप! निळी पवनचक्की.
बायको म्हणाली, हा माणूस जानेवारीपासून हसला नव्हता.
पाचव्या गावी मेंढा, कोपराखाली, तिरका.
सहाव्या गावी चर्चचा मनोरा. घामानं शाई ओघळली,
मनोरा कलला. आमच्याकडे खरेही कलतात,
खाली जमीन ओली.

सातव्या गावी, होफेनबूरला, शाईच संपलेली.
रांग, कुरकुर, कुणी पेन शोधतंय,
आणि फ्राउक्ये, जी तिथं सँडविच वाटायला बसली होती,
शिक्क्यांशी जिचा काडीचा संबंध नव्हता,
तिनं सॅलडच्या भांड्यातून उकडलेलं बीट उचललं,
मधोमध कापलं, चाकूच्या टोकानं भोवतीचं कोरून टाकलं:
दोन पाय, एक चोच, मान जरा आखूड.
"थंडी वाजतेय त्याला," ती म्हणाली.
पहिला ठसा फिसकटला.
दुसऱ्यात बगळा उभा राहिला, पण उलटा:
कोरताना तो पूर्वेला बघत होता,
कागदावर त्यानं तोंड वाऱ्याकडे केलं.
तिचं तिलाच नवल. बीट हातात धरून
ती कितीतरी वेळ दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली.
कुरकुर केव्हा थांबली कळलं नाही.
शिक्का झालेलेसुद्धा पुन्हा रांगेत आले,
कुणी टोपी पुढे केली, कुणी पोराचा गाल,
येल्मरनं पांढऱ्या जर्सीची पाठ.
माझा बगळा पंज्यावर बसला, बोटांच्या वर.

आठव्या गावाचं फारसं आठवत नाही. भूक, चिखल,
आणि हँडलवर तो, वाऱ्याकडे बघणारा.

बिल्ल्यांच्या टेबलावर कार्ड मागितलं. मी हात मांडला.
बाईंनी मोजलं. पाच. आठ हवेत.
तीन कालव्यात आहेत, मी म्हटलं, साक्षीला बदक.
शिक्कामोर्तब काही झालं नाही.

रात्री भांडी एका हातानं घासली.
निळे आठवडाभर टिकतील, ती शाई मला ठाऊक आहे.
बीट पाण्याला भितं.
म्हणून झोपेपर्यंत डावा हात खिडकीबाहेर धरला.
बाहेर वारा होता,
पण कोरडा.