फळी

बंधाऱ्याच्या खोबणीत ओकच्या फळ्या आहेत.
एक काढली की कुरणांतलं पाणी उतरतं,
एक घातली की चढतं.
माझी नोकरी एवढीच.

काल सभा होती, चर्चच्या मागच्या खोलीत.
कॉफी, आल्याची बिस्किटं,
भिंतीवर फ्रीसलंडचा निळ्या रेघांचा नकाशा.

वीब्रेन म्हणाला, नव्वद सेंटिमीटर खाली.
गाई रुततात, ट्रॅक्टर फसतो,
आणि बँकेचा हप्ता काही पोहायला शिकलेला नाही.

फूक्ये म्हणाली, वीस.
तिच्या वहीत पाणटिवळ्यांची घरटी असतात.
गेल्या वर्षी एकोणीस. यंदा सात.
"चोच मातीत शिरली पाहिजे,"
एवढंच बोलून ती बसली,
आणि बिस्किट नुसतंच हातात धरून राहिली.

म्हातारी आल्त्ये काठीसकट उठली.
तिचं घर जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबांवर उभं.
ओले आहेत तोवर खांब तरुण,
वारा लागला की कुजायला सुरुवात.
तिनं आकडा सांगितलाच नाही.
एक पोस्टकार्ड वर धरलं:
भिंतीतल्या भेगेत हे आता आरपार जातं.

दूध संघाचा मुलगा पांढरे बूट घालून आलेला.
तो 'समतोल' म्हणाला, चार वेळा.
मी मोजलं. मोजणं माझं कामच आहे.

जमिनीसाठी खुर्ची ठेवली नव्हती.
पीटची ही काळी माती उघडी पडली
की धुराशिवाय जळते, हवेत जाते.
आम्ही पाणी उतरवतो,
जमीन पाण्यामागोमाग उतरते,
मग आम्ही पुन्हा पाणी उतरवतो.
आजोबांनी खांबावर खोदलेली जमिनीची खूण
आता माझ्या छातीशी येते.

रात्री साडेदहाला ठरलं: पंचावन्न.
कुणालाच नको होता असा आकडा.
सगळ्यांनी हात वर केला,
वीब्रेननं कोपरापर्यंत.

आज पहाटे फळी घेऊन निघालो
तर वीब्रेन गवत कापत होता.
मध्येच यंत्र थांबलं. तो उतरला,
विलोच्या चार काटक्या रोवल्या
खाटेएवढ्या तुकड्याभोवती,
आणि वळसा घालून पुढे गेला.
माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं.
(फूक्येलाही हे सांगायचं नाही. तिच्या सायकलच्या टोपलीत
दर शनिवारी दुकानातलं सगळ्यात स्वस्त दूध असतं,
ते तरी मी कुठे कुणाला सांगतो?)

फळी खोबणीत घातली, हातोडीनं ठोकली.
पाणी क्षणभर थबकलं,
मग चरातून मागे सरकू लागलं
आल्त्येच्या घराच्या दिशेनं.

पट्टी लावून पाहिली.
अर्धं बोट जास्त.

हातोडी पिशवीत टाकली.
वहीत लिहिलं: पंचावन्न.