काटा किती खातो

बर्फाच्या कारखान्याचा हिशेब माझ्याकडे,
आणि दारातला प्लॅटफॉर्म काटाही.
त्याच्यावर दिवसभर पेट्या चढतात,
बांगडा, म्हाकूळ, नशीब असेल तर सुरमई.
शनिवारी लिलाव उठला की
दोन माणसं चढतात.

आधी दिगंबर पावसे.
बोटीवर विंच बसला, जाळं ओढायचं सुटलं,
तेव्हापासून पोटच ओढत चालतो.
दापोलीच्या डॉक्टरने शिमग्याला भात तोडला.
पेज बंद, आंबोळी बंद,
तांदळाच्या भाकरीचं नावसुद्धा नको.
सकाळी चार अंडी, दुपारी बांगडा, रात्री दुपारचा बांगडा.
चपला काढतो, किल्ल्या काढतो,
एकदा कानावरचं पेन काढून माझ्या हातात दिलं
आणि श्वास सोडून उभा राहिला.

मग शमीम टीचर, उर्दू शाळेतल्या.
त्यांचं खाणं जसंच्या तसं. फजर झाली की बूट घालतात
आणि बुरोंडीची चढण चढून, वरच्या वळणाला हात लावून
खाली येतात.

"पावसे, उपाशी राहून कोण सुधारलंय? पाय हलवा."
"टीचर, अख्खी चढण म्हणजे अर्धी भाकरी.
अर्धी भाकरी ठेवून द्यायला काय जातं?"
"मग ठेवून दिलेली भाकरी रात्री स्वप्नात का येते?"
यावर दिगंबर गप्प.
भाकरीचं सोसेल हो, तो मला नंतर म्हणाला,
पण कालवणाला खाली काहीतरी लागतं ना.
नुसतं कालवण म्हणजे
भरती आली आणि किनाराच नाही.

मे अखेर दिगंबर सहा किलोने उतरला.
अंगठी ढिली झाली, बर्फात कुठेतरी गेली,
बायको अजून बोलते त्यावरून.
टीचर उतरल्या नऊशे ग्रॅम.
"काट्यालाच काही कळत नाही," त्या म्हणाल्या
आणि तडक चालत घरी गेल्या.

हे सगळं द्वारका ऐकत असायची.
ती पडावातून कमरेएवढ्या पाण्यातून टोपल्या आणते,
दिवसाला चाळीस खेपा, वर वाढीव भात.
दोघांच्याही हिशेबाने काडी व्हायला हवी होती.
किंवा हत्ती.
कंबर आहे तशीच आहे, आईसारखी रुंद.
एकदा टोपलीसकट काट्यावर उभी राहिली.
म्हटलं, टोपली उतरव, तुझं वजन सांगतो.
"माझं कशाला? मासळीचं सांग. पैसे तिचे मिळतात."

जूनला बंदी लागली. बोटी शाकारल्या.
दोन महिने काटा ताडपत्रीखाली.
दिगंबर पडवीत जाळं विणत बसला,
घरात सुका जवळा, बाहेर धार,
आणि चुलीवरून उकड्या तांदळाचा वास.
कुणाला दोष देणार?
टीचर शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या,
पोरं मोजत होती, एकशे तेरा, एकशे चौदा.

नारळ दर्यात पडला, ताडपत्री निघाली.
दिगंबरचे चार किलो परत आलेले,
पण साखर खाली आली म्हणून रिपोर्ट सगळ्यांना दाखवतो.
टीचर जिथल्या तिथे.
फक्त परवा कारखान्याचा जिना चढून वर आल्या, पावती मागितली
आणि बोलताना एकदाही थांबल्या नाहीत.
मी मात्र दुसऱ्या पायरीवर कठडा धरतो.

कोण जिंकलं, मला विचारतात. पंच मीच ना.
मी वहीत बघतो, चष्मा पुसतो.

आता काय सांगू यांना,
की हा काटा शेठने पहिल्याच वर्षी असा लावून घेतलाय
की चाळीस किलोमागे एक किलो
तो स्वतः खातो.
कोळणींना माहीत आहे. द्वारकाला तर नक्की.
दिगंबरच्या बोटीची मासळी दुसऱ्या बर्फाला जाते,
टीचर मासे बाजारातून घेतात,
या दोघांनाच ठाऊक नाही.
श्वास सोडून उभे राहतात
आणि आकडा बघून थोडे खूश होतात.

मी घरी येतो, ताट पुढे ओढतो.
भात घेऊ की नको, असं क्षणभर वाटतं.
मग वाढते ती.