टेबल नको

स्किप्टनच्या दवाखान्यात, मंगळवारी,
दारातच थबकली विनी, शर्यतीतून सुटलेली ग्रेहाउंड.
फरशी गुळगुळीत. पंजे आखडलेले.
ब्रेथवेट आजोबा पट्टा ओढत होते, ओशाळून.

सैल सोडा, म्हटलं.
रबरी चटई सरकवली उंबऱ्यापर्यंत
आणि बसले खाली, तिच्याकडे पाठ करून,
पंगतीला बसावं तशी.

तिनं जांभई दिली. झोप नव्हती ती.
ओठ चाटले. भूक नव्हती.
डोळ्याच्या कडेला पांढरी कोर.
कुत्र्याचं वाक्यही आपल्यासारखंच,
क्रियापद शेवटी;
तोवर मधे बोलायचं नसतं.

बाहेरून मेंढ्यांचा ट्रक गेला.
अकरा मिनिटं.
आजोबाही टेकले खाली, गुडघे कुरकुरवत.

मग माझ्या कोपराला ओलं नाक.

तळहातात उबवलेला स्टेथोस्कोप
तिच्या बरगडीला लावला;
आत अजून कुणीतरी पळत होतं
फेरीमागून फेरी.

परभणीला शिकताना पहिला धडा होता: घट्ट धरा.
चौघं मिळून धरायचो. मी त्यात पटाईत.
एका काळ्या कुत्र्याचे कान आठवतात,
मागे, डोक्याला चिकटलेले.
त्याचं म्हणणं
मी पुरं होऊ दिलं नव्हतं.